दुसरी शर्यत

काका, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. त्या दिवशी स्टेडियमवर इंजिनांच्या आवाजात मी हातवारे करून वेळ मारून नेली होती. प्रश्न काही तुमचा एकट्याचा नाही. इथे पोलंडमध्ये, व्रोत्स्वाफला आमच्याकडे उन्हाळ्यात कुणीही आलं, की मी त्याला ऑलिंपिक स्टेडियमवर मोटरसायकलच्या शर्यती बघायला नेते. जुना चौक, चर्चं, नदीवरचे पूल ज्याचे त्याने बघावेत. पहिली शर्यत कुणालाच कळत नाही. मिनिटभरात सगळं आटोपतं आणि पाहुणा डोळ्यातला धुरळा काढत बसतो. दुसरी संपली की मात्र मान हमखास माझ्याकडे वळते, "अगं, हे पोरगं तर बारावीतलं दिसतंय! काय पळवतंय! हा पुढे वर्ल्ड चॅम्पियन होणार ना?"

बहुतेक नाही होणार, काका.

पण इतकंच सांगून सोडलं तर तुम्ही म्हणाल, म्हणजे पोरं वाया जातात तर. तसंही नाही. आणि त्यासाठी आधी तुम्ही नक्की काय पाहिलंत, ते सांगायला हवं.

मोटरसायकलच्या या खेळाला इंग्रजीत स्पीडवे आणि पोलिशमध्ये झुझेल म्हणतात. शब्दाचा अर्थ भट्टीत उरते ती काळी खडी. पूर्वी ट्रॅकवर तीच अंथरत. मराठी कानाला झुझेल म्हणजे झुंजीचा चुलतभाऊ वाटतो, आणि खेळ बघितल्यावर तर खात्रीच पटते. चार स्वार, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. 500 सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, मिथेनॉलवर चालणारं. गिअर एकच आणि ब्रेक नाहीच. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि डावा पाय मातीवर टेकवत ती घसरण सांभाळायची. त्या डाव्या बुटाखाली पोलादी तळवा बांधतात. त्याला इथे 'लाचेक' म्हणतात, म्हणजे घरात घालायची सपाता!

तर, इथल्या वरच्या लीगमध्ये, एक्स्त्रालिगामध्ये, प्रत्येक संघाला एकवीस वर्षांपर्यंतचे दोन ज्युनिअर घ्यावेच लागतात. सामना पंधरा शर्यतींचा. त्यातली दुसरी फक्त ज्युनिअर्सची, दोन यांचे, दोन त्यांचे. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला शून्य. म्हणजे तुम्ही ज्याच्यासाठी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्यात, त्या पोराने तीन पोरांना हरवलं होतं, आणि त्यातला एक त्याच्याच संघाचा होता. आपल्याकडे गल्लीतल्या पोरांमध्ये पहिला आलेला पैलवान केसरीच्या मैदानात काय करेल, हे तुम्ही कोल्हापूरचे असून तेवढ्यावर सांगाल का?

माझ्या शेजारी बसतात ते आजोबा आमच्याच मजल्यावर राहतात. त्यांच्या मांडीवर छापील कार्यक्रमपत्रिका असते आणि कानामागे पेन्सिल. प्रत्येक शर्यतीनंतर चौकटीत आकडा भरायचा. पडला तर एक अक्षर, गाडी बंद पडली तर दुसरं, सुरुवातीची फीत वर जायच्या आत घुसला तर तिसरं. आपल्याच जोडीदाराच्या मागोमाग आला तर आकड्याशेजारी चांदणी. इथे निम्मं स्टेडियम हे करतं, सूर्यफुलाच्या बिया सोलत सोलत. सामना संपल्यावर पायाखाली टरफलांचा थर असतो. आजोबांची एक खोड मात्र त्यांची स्वतःची. दुसऱ्या शर्यतीतले ज्युनिअर्सचे गुण ते फिकट लिहितात. तोच पोरगा नंतर मोठ्यांच्या शर्यतीत आला आणि कुणाला मागे टाकलं, तर तो आकडा पेन्सिल दाबून. "फिकट गुण सगळ्यांकडे असतात," असं म्हणून ते गप्प बसतात. ही रीत मला समजायला तीन हंगाम लागले. तोवर मीही तुमच्यासारखीच दर वर्षी एक नवा चॅम्पियन निवडत होते, आणि दर वर्षी चुकत होते.

आता आकडे. एकवीस वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा असते. 1996 साली प्योत्र प्रोतासेविचने ती जिंकली. तेव्हापासून 2024च्या विक्तोर प्शियेम्स्कीपर्यंत सोळा पोलिश पोरांनी हा किताब घेतला. माक्सिम द्राबिक आणि मातेउश चेर्न्याक यांनी दोनदोनदा. या सोळांपैकी मोठ्यांचा जागतिक विजेता किती जण झाले? एक. बार्तोश झ्मार्झलिक. बाकीच्या पंधरांतले प्शियेम्स्कीसारखे एकदोघे अजून कोवळे आहेत, त्यांचा हिशेब आज मांडू नये. पण उरलेल्यांचं काय?

उरलेल्यांचं एकसारखं काहीच नाही. 2003चा यारोस्वाफ हाम्पेल पुढे दोनदा जगात दुसरा आला, एकदा तिसरा. 2005चा क्शिश्तोफ कास्पशाक 2014 साली दुसरा. 2013चा पात्रिक दुदेक 2017 साली दुसरा. प्रोतासेविचला वैयक्तिक जागतिक पदक कधीच मिळालं नाही, पण गडी 2022पर्यंत लीगमध्ये पळत होता. किताबानंतर सव्वीस वर्षं! त्याला वाया गेलेला म्हणायची झिएलोना गुरा या त्याच्या गावात कुणाची हिंमत नाही. दुसऱ्या टोकाला 2001चा दाविद कुयावा, ज्याचं नाव जुन्या चाहत्यांनाही क्षणभर आठवावं लागतं. 2006चा कारोल झोंबिक दुखापतींनी लवकर थांबला. 1998चा रॉबर्ट दादोस तर 2004 साली, तिशीही गाठायच्या आत, हे जगच सोडून गेला. आणि काहींना किताबापर्यंत पोचायचाही वेळ मिळाला नाही. तार्नूफच्या संघाचा क्रिस्तियान रेम्पावा 2016च्या मे महिन्यात ट्रॅकवरच्या अपघातानंतर गेला, अठरा वर्षांचा होता. त्या महिन्यात आजोबा एकाही सामन्याला आले नाहीत.

आणि आमचा माचेय यानोव्स्की. आमचा म्हणजे खराखुरा, याच शहरात जन्मलेला. 2011चा ज्युनिअर जगज्जेता. मधे दोन हंगाम तार्नूफला राहून परत आला, कप्तान झाला, 2021 साली व्रोत्स्वाफने लीग जिंकली तेव्हा संघात होता, 2022 साली जगात तिसरा आला. त्याने आपलं सोनं केलं की नाही, यावर इथे ट्राममध्ये अनोळखी माणसं वाद घालतात. निम्म्यांचं म्हणणं, एवढी नजाकत, एवढं संतुलन, आणि शेवटी एक कांस्य? मी दुसऱ्या निम्म्यात आहे. जगात तिसरा आलेल्या माणसाला 'राहून गेलं' म्हणायला आपण स्वतः कितवे आहोत, ते आधी बघावं.

पण खरं घोडं अडतं ते दुसरीकडेच. तुम्हाला पाहायचंच असेल तर जुलैत नका येऊ, नोव्हेंबरमध्ये या. स्टेडियमवर चिटपाखरू नसतं. पण क्लबांचे करार होतात ते याच महिन्यात. ज्युनिअर असेपर्यंत पोराच्या गाड्या बहुतेक क्लब सांभाळतो, मेकॅनिक क्लबचा, आणि संघातली जागा नियमाने राखलेली. एकविसावं वर्ष सरलं की यातलं काही उरत नाही. आता तो सिनिअर. जागा त्याच, पण त्यावर डोळा ठेवून बसलेत डॅनिश, ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश, स्वीडिश, कारण जगात या खेळाचा पैसा पोलंडमध्ये आहे आणि प्रत्येक चांगल्या स्वाराला इथेच यायचं असतं. वरच्या लीगमध्ये संघ आठच. काल जो पोरगा पोरांना हरवत होता, त्याने आज तीनदा जगज्जेत्या झालेल्या माणसाची खुर्ची मागायची.

शिवाय इथे सिनिअर स्वार म्हणजे नोकरदार नव्हे, एक छोटा धंदाच असतो. इंजिनं त्याची, ती उघडून बसवणाऱ्या ट्यूनरचं बिल त्याचं, मेकॅनिकचा पगार त्याच्या खिशातून, व्हॅन त्याची. उत्पन्न सही करतानाची रक्कम आणि मग दर गुणामागे ठरलेले पैसे. आता बघा, गुण कमी आले की पैसे कमी. पैसे कमी की इंजिनाची देखभाल लांबते. दमलेल्या इंजिनावर सुरुवात खराब होते. सुरुवात खराब म्हणजे पुढच्याच्या मागच्या चाकाची माती चारही फेऱ्या तोंडावर, आणि गुण आणखी कमी. या फेऱ्यात एकदा सापडलं की हुनर कितीही असो, हिशेबवहीच हरवते. 2021पासून लीगने चोविशीपर्यंतच्या एका स्वाराची जागाही सक्तीची केली. बरं झालं, पण त्यामुळे कडा फक्त तीन वर्षं पुढे सरकला.

आमची गाडी हिवाळी टायर घालायला जिथे जाते, तिथला माणूस असाच एक. नाव लिहीत नाही. त्यालाही आवडणार नाही. चाळिशीचा असेल. एकदा मी व्रोत्स्वाफचा मफलर घालून गेले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, मीही पळायचो. वर्कशॉपच्या भिंतीवर पाने-पक्कड अडकवलेत त्याच रांगेत एका खिळ्याला त्याचा लाचेक टांगलेला आहे. मी हातात घेऊन पाहिला. वाटला होता त्याहून जड. बोटांकडची कड घासून घासून सुरीसारखी पातळ झालेली, टाचेकडे मात्र धातू तसाच जाडजूड. "बावीस वर्षांचा होतो," तो म्हणाला. "दोन इंजिनं होती. ऑगस्टमध्ये एक फुटलं. मग एकच राहिलं." मी विचारलं, वाईट वाटत नाही? तो जॅक खाली घेत म्हणाला, "गुडघा वाकतो अजून माझा. सगळ्यांचा नाही वाकत." आणि चाकाचे नट आवळायला लागला.

मग झ्मार्झलिकचं काय वेगळं? गंमत म्हणजे, या आडनावाचा पोलिशमध्ये सरळ अर्थ होतो 'सदा थंडी वाजणारा', काकडोबा म्हणा ना! 1995चा जन्म, गोझूफच्या स्ताल क्लबचा पोरगा. मोठ्यांचा जगज्जेता ठरतो तो ग्रां प्री नावाच्या स्पर्धांच्या मालिकेतून. सतराव्या वर्षी घरच्या ट्रॅकवर पाहुणा स्वार म्हणून हा अशा एका ग्रां प्रीत उतरला आणि तिसरा आला. एकोणिसाव्या वर्षी तिथेच, पुन्हा पाहुणा म्हणूनच, ग्रां प्री जिंकली. म्हणजे ज्युनिअर असतानाच त्याचे गुण फिकट नव्हते. ते जगातल्या मोठ्यांना मागे टाकून घेतलेले होते. 2019 साली चोविसाव्या वर्षी जगज्जेता. मग 2020, 2022, 2023, 2024, 2025. सहा किताब; न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर आणि स्वीडनचा टोनी रिकार्डसन यांच्या बरोबरीला. पण मला त्याच्यापेक्षा त्याचा मोठा भाऊ पावेव जास्त आठवतो. तोही स्तालकडूनच पळायचा. तेच घर, तेच शिक्षण, तोच ट्रॅक. तो लवकर थांबला आणि पुढे धाकट्याच्या गोटात काम करू लागला. एका घरात दोघांच्या दोन तऱ्हा होतात, तिथे दुसरी शर्यत बघून आपण काय भविष्य सांगणार?

आणि वेळेचं म्हणाल तर तोमाश गोलोब बघा. बिद्गोश्चचा. ज्युनिअरचा जागतिक किताब त्याला कधीच मिळाला नाही. 1995 साली या खेळातली पहिलीवहिली ग्रां प्री झाली ती याच स्टेडियमवर, आपण बसलो होतो तिथेच, आणि ती त्याने जिंकली. सगळ्यांना वाटलं, आता काय, यंदा नाही तर पुढच्या वर्षी. 1999 साली तो खरंच आघाडीवर होता. एकच ग्रां प्री उरली होती. तिच्या थोडे दिवस आधी याच ट्रॅकवर दुसऱ्या एका स्पर्धेत तो भयानक आपटला. किताब रिकार्डसन घेऊन गेला. आजोबा त्या संध्याकाळी इथे होते. कुंपणाची कोणती फळी तुटली ते ते बोट दाखवून सांगतात, जरी कुंपण त्यानंतर बदललं असलं तरी. गोलोब जगज्जेता झाला तो 2010 साली, एकोणचाळिसाव्या वर्षी. 1973 साली होझूफला येझी श्चाकेलने जिंकलं होतं, त्यानंतर सदतीस वर्षांनी पोलंडला दुसरा जगज्जेता मिळाला. आणि ज्याला वीस वर्षं 'कधी होणार?' म्हणून टोचत होते, त्याने ते करून दाखवलं. 2017 साली मोटोक्रॉसच्या अपघातात तो कायमचा व्हीलचेअरवर बसला, हेही लिहायला हवं. या खेळाबद्दल लिहिताना अशी एखादी ओळ टाळता येत नाही.

तर आता तुमचा पोरगा, काका. निळ्या हेल्मेटवाला. तुम्ही गेल्यावर आजोबांकडून मी ती पत्रिका मागून घेतली, आता समोर आहे. दुसऱ्या शर्यतीत तीन, फिकट. चौथ्या शर्यतीत मोठ्यांबरोबर शून्य. सुरुवातीलाच मागे पडला आणि चारही फेऱ्या माती खात राहिला. तिसऱ्यांदा आला तेव्हा एक. फक्त एक, म्हणजे चौघांत तिसरा. पण हा एक आजोबांनी इतका दाबून लिहिलाय की मागच्या पानावर उमटलाय, आणि खाली दोन रेघा. शेवटच्या वळणावर एका अनुभवी परदेशी स्वाराला त्याने बाहेरच्या बाजूने, कुंपणाला जवळजवळ घासून मागे टाकलं होतं.

तुम्ही ते पाहिलं नाहीत. तुम्ही तेव्हा बिया आणायला गेला होतात.