आमची वाटचाल: रोमन शिपायांकडून केल्टिक रथांकडे

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये मिनिएचरचा, म्हणजे टेबलावर मांडून खेळायच्या वॉरगेममधल्या चिमुकल्या सैनिकांचा, धंदा करणाऱ्याला कोणी वेड्यात काढत नाही. ही मिनिएचर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीचं मुख्यालय या गावात, वॉरलॉर्ड गेम्स कंपनीही इथलीच. नोकरी सोडून मी आणि बायकोने मागच्या खोलीत लोकांची वॉरगेमची सैन्यं रंगवून द्यायला सुरुवात केली, तेव्हा शेजाऱ्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. सांगलीच्या घरी मात्र ‘खेळण्यांना रंग देतात’ एवढंच कळलं, अजूनही तेवढंच.

सुरुवातीला आमची भाजीभाकरी रोमन लीजनच्या शिपायांवर चालली. रथ आला की हिशेब कोलमडायचा, कारण एक रथ जुळवून रंगवेपर्यंत पायदळाची अख्खी रांग होते. पण प्राचीन ब्रिटनचं (केल्टिक) सैन्य मागणारा रथ मागणारच. इ.स.पू. ५४ मध्ये ब्रिटनचा सरदार कॅसिव्हेलॉनसने रोमनांशी लढताना बाकी फौज घरी पाठवून ४,००० रथी जवळ ठेवले, असं खुद्द सीझर लिहून गेलाय.

मग ‘कोणत्या कंपनीचा रथ घेऊ?’ ही विचारणा रोजची झाली, म्हणून मिळतील तेवढे रथ आणून एका फळीवर मांडले. धातूचा हाताला छान जड लागतो. पण दांडी पेटीत काढता-ठेवता वाकते आणि सुपरग्लूचा सांधा नेमका जुवापाशी सुटतो. प्लास्टिकचा दणकट, फक्त आरे जाड. रेझिनचे आरे देखणे, पडला की तुकडे.

माझं मत विचाराल तर रथ घोड्यांवरून पारखावा. लोहयुगातली ब्रिटनची तट्टं खांद्यापाशी सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे २८ मिमीच्या मापात (माणूस साधारण २८ मिमी उंच) जेमतेम २२ मिमी. बऱ्याच संचांत घोडदळाचेच उंचेपुरे घोडे जुंपलेले असतात, मागचा रथ बाबागाडी वाटतो. दुसरी परीक्षा पुढच्या बाजूची. ब्रिटन योद्धे धावत्या रथाच्या दांडीवरून पळत जाऊन जुवावर उभे राहत, हेही सीझरनेच लिहिलंय. रथ पुढून पेटीसारखा बंद असेल तर ते जाणार कुठून?

आणि आसाला लावलेली पाती! ती लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाजवळच्या, रोमनांविरुद्ध लढलेल्या राणी बूडिकाच्या पुतळ्यामुळे लोकांच्या डोक्यात बसलीत. पुतळा उभारला १९०२ साली. यॉर्कशरमधल्या रथदफनांत (रथासकट पुरलेल्या थडग्यांत), २००१ साली वेटवांगला सापडलेल्यातही, पाती नाहीत. तरी गिऱ्हाईक मागतंच. आम्ही वेगळ्या पाकिटात घालून देतो, धंदा आहे शेवटी.

या तुलनेतूनच आमची स्वतःची तट्टं आणि चाकं निघाली. चाक १६ मिमी. त्यावर खिळ्यांची डोकी मुद्दाम ठेवली नाहीत, कारण ब्रिटनमधल्या बहुतेक धावा आपल्या बैलगाडीच्या धावेसारख्या तापवून चढवलेल्या, बिनखिळ्याच्या. रंगवताना कडा गडद तपकिरी आणि जमिनीला घासणाऱ्या भागावरच चकाकी.

न्यूअर्कच्या पार्टिझन या वॉरगेमच्या प्रदर्शनात टेबलावर सगळ्यात जास्त हात या चाकांकडे जातात. सीझरच्या काळातल्या गॉलसाठी (आजचा फ्रान्स) कोणी रथ मागितले तर सरळ सांगतो, तिथे तोवर रथ मागे पडले होते, इ.स.पू. २२५ च्या, गॉल आणि रोमन यांच्यातल्या टेलामॉनच्या लढाईसाठी घेत असाल तर खुशाल घ्या. काही जण ऐकतात, काही जण तरीही घेऊन जातात. सध्या १५ मिमीच्या मापातल्या सैन्यासाठी चाकांचे नमुने थ्रीडी प्रिंटरवर छापतोय. आरे बोटाच्या दाबाला टिकेपर्यंत ती विक्रीला काढणार नाही.