कॉम्प्रेसर घेताना टाकी नको, हवा बघा

घरी स्प्रे मारायला कॉम्प्रेसर कोणता घ्यावा, असं आजकाल मला बरेच जण विचारतात. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच ठेवते. मी सांगलीत, विश्रामबागला राहते. जुनी लोखंडी कपाटं, खुर्च्या, खिडक्यांच्या जाळ्या घासूनपुसून पुन्हा रंगवायचं काम घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये करते. ब्रशनं कितीही जीव लावून मारलं तरी कपाटाच्या मोठ्या दारावर केसांच्या रेघा राहतातच. स्प्रेला ती अडचण नाही, पण त्यासाठी हवा पुरेशी आणि कोरडी पाहिजे.

दुकानात आधी एचपी सांगतात, मग लिटर. ‘ताई, दोन एचपी हाय, पन्नास लिटर टाकी, काय पण मारा.’ या दोन आकड्यांवरून रंग उडवणाऱ्या स्प्रे गनला हवा पुरेल का, हे कळत नाही. विचारायचं ते सीएफएम, म्हणजे मशीन मिनिटाला किती घनफूट हवा देतं ते. त्यातही मशीनवर छापलेला आकडा बहुतेकदा पिस्टन किती हवा ओढतो त्याचा असतो. प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या हवेला एफएडी म्हणतात, ती बरीच कमी भरते. लहान मशीनला मी एक तृतीयांश घट धरूनच चालते. दुकानदाराला एफएडी सांगता येत नसेल, तर सरळ पुढच्या दुकानात जावं.

टाकी मोठी असली की काम भागतं, हा समज तर हिशेबातच टिकत नाही. पन्नास लिटरच्या टाकीतला दाब ८ बारवरून (बार हे दाबाचं माप) ३ बारवर उतरला, तर त्यातून अडीचशे लिटर हवा मिळते, म्हणजे जेमतेम ९ घनफूट. एचव्हीएलपी, म्हणजे कमी दाबाची पण भरपूर हवा लागणारी गन मिनिटाला ८ ते १२ घनफूट सहज खाते. म्हणजे टाकीतला साठा मिनिटभराचा, पुढचं सगळं पंपावर. पंप मागे पडला की दाब उतरतो, रंग नीट फुटत नाही आणि कपाटाच्या अर्ध्या दारावर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत पोत उठतो. म्हणून सिंगल फेजवर चालणारं दोन एचपीचं मशीन असेल, तर एलव्हीएलपी, म्हणजे कमी दाबावर आणि कमी हवेवर चालणारी गन घ्या. तिचं काम ४-५ सीएफएमवर भागतं. आधी गन ठरवावी, तिची भूक बघावी आणि तिच्यापेक्षा थोडी जास्त हवा देणारं मशीन शोधावं. ऑइल-फ्री मशीन हलकं असतं, पण बहुतेकांचा आवाज कर्कश. दाटीवाटीच्या वस्तीत बेल्टवर चालणारं, तेलाचं मशीन शेजाऱ्यांना सोसवतं.

आता पाण्याचं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा भरून वाहत असते, तेव्हा हवाच ओलीचिंब असते. ही हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन बसते. तीस अंश तापमान आणि ऐंशी टक्के दमटपणा धरला, तर ४ सीएफएमचं मशीन तासभर सलग चाललं की शंभर मिलीच्या वर पाणी सुटतं. टाकीच्या बुडाशी ड्रेनचा कॉक असतो, तो काम संपल्यावर उघडायचाच. आधी फुसकन गढूळ, तांबूस पाणी उडतं, मग बारीक धार लागते, मग नुसती हवा येते. हवा येईपर्यंत बोट काढायचं नाही. तांबूसपणा म्हणजे आतून गंज धरायला लागलाय, आणि पत्रा आतून खात गेला तर दाबाची टाकी धोक्याची होते.

उरलेल्या ओलाव्यासाठी फिल्टर-रेग्युलेटर, म्हणजे हवेतलं पाणी गाळणारा आणि दाब ठरवणारा जोड लावा, तोही मशीनला चिकटून नको. पाइपातून हवा थोडी गार झाली की पाणी वेगळं होतं, म्हणून मी तो भिंतीवर, गनच्या बाजूला बसवलाय. दुकानात तीन भागांचा एफआरएल (फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर) गळ्यात मारतील. त्यातला शेवटचा भाग हवेत तेल सोडतो. तो हवेवर चालणाऱ्या अवजारांसाठी आहे. रंगकामात तेलाचा कण गेला की त्या जागी रंग फाटून गोल खड्डे पडतात. एनसी लॅकर, म्हणजे थिनर उडून झटपट सुकणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग, तर भर पावसाळी दिवशी मारूच नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि फिल्म दुधाळ होते.

गन हातात घेतल्यावर आधी पुठ्ठ्यावर मारून बघा. ट्रिगर दाबून धरूनच दाब लावायचा. सोडलेला असताना काटा जास्त दाखवतो. पट्टा मधे सुकलेला आणि दोन्ही टोकांना जाड आला, तर दाब जास्त किंवा रंग पातळ आहे. मधेच जाड आला तर त्याच्या उलट. सहा ते आठ इंचांवरून, मनगट न वळवता अख्खा हात सरळ न्यायचा, आणि मागच्या पट्ट्यावर पुढचा निम्मा चढवायचा. सिंथेटिक इनॅमलला पहिला हात नुसता धुक्यासारखा, थोडा चिकट झाला की दुसरा ओला. एकदम जाड मारलं की ओघळ आलेच.

मशीनला सोळा अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग द्या. बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर मोटर नुसती गुरगुरते, उठत नाही आणि जळते. लांब जायचं असेल तर वायर नाही, हवेचा पाइप वाढवा. मशीन रंगाच्या जागेपासून लांबच ठेवा. थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत साठते, आणि मोटर चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचची ठिणगी तिला पेटायला पुरते. कापडी मास्क वाफ अडवत नाही. ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा, म्हणजे थिनरसारखी वाफ शोषणाऱ्या डब्यांचा रेस्पिरेटर (मास्क) घ्या.

भाचा मोटरसायकलच्या टाकीला टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग, घरीच मारायचं म्हणतोय. त्याला मी साफ नाही म्हटलं. त्या हार्डनरमधली आयसोसायनेट नावाची रसायनं फुप्फुसाला कायमचा दमा लावू शकतात, आणि त्या रंगासाठी बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेचणारा बूथ लागतो. घासणं, लांबी भरणं, प्रायमर एवढं माझ्या शेडमध्ये करू, वरचा हात बूथ असलेल्या गॅरेजमध्ये मारून घेऊ.