आमची वाटचाल : वस्तऱ्यापासून सडसडीत चाकूपर्यंत

आमचं दुकान रविवार पेठेत, बोहरी आळीच्या जवळच, दहा बाय बारा, त्यात अर्धी जागा बफिंग मशीननं खाल्लेली. आजोबांनी चालू केलं तेव्हा काम एकच, धार लावणे. लक्ष्मी रोडच्या शिंप्यांच्या कात्र्या, न्हाव्यांचे वस्तरे, सणाच्या आधी घरोघरच्या विळ्या आणि अडकित्ते. मग वापरून फेकायची ब्लेड आली आणि वस्तऱ्याचं काम बाबांच्या डोळ्यादेखत संपलं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणला एका कंपनीत क्वालिटीला होते, २०११ मध्ये बाबांचा खांदा गेला म्हणून "सहा महिने बघते" असं सांगून आले ती अजून इथेच आहे.

चाकूचं वेड लागलं ते एका काकांमुळे. सदाशिव पेठेतले, रिटायर्ड हेडमास्तर. रुमालात गुंडाळून एक पेननाईफ, म्हणजे खिशातला छोटा मिटणारा चाकू, घेऊन आले, बोटाएवढा लांब आणि जाडीला दोन बिस्किटं एकावर एक ठेवावीत तेवढाच. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा, पात्याच्या बुडाशी चांदणी आणि माल्टीज क्रॉस, हा मार्क तिकडे १६८२ पासूनचा. मी म्हटलं धार लावायचीय का, तर म्हणाले, "धार आहे गं, आवाज गेलाय."

मला वाटलं म्हातारा सटकलाय. बाबांनी मात्र काही न बोलता तो घेतला, रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, काडीनं आतली घाण काढली, तेलाचं गोंद झालं होतं नुसतं, मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून पाच-सहा वेळा उघडबंद केला आणि सातव्या वेळी टक्. काकांनी तो कानाजवळ नेला, परत एकदा टक्, आणि चाळीस रुपये काउंटरवर ठेवून गेले. पुढच्या महिन्यात त्यांनी तिघांना पाठवलं.

आवाज कुठनं येतो ते सांगते, कारण आमचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. ह्या जुन्या पद्धतीच्या चाकूला लॉक नसतं, बटण नसतं. पाठीला स्टीलची एक पट्टी असते, तीच स्प्रिंग, आणि पात्याचं बूड तिच्यावर घासत फिरतं. बुडाचा आकार असा कापलेला असतो की उघडल्यावर आणि मिटल्यावर पट्टी सपाट बसते, काही चाकूत मधे काटकोनातही एक थांबा असतो. पट्टी जागेवर पडते तो टक्. बाहेरचे शौकीन ह्याला वॉक अँड टॉक म्हणतात, आमच्या दुकानात चाल-बोल. चाल म्हणजे अडखळत नाही ना, बोल म्हणजे आवाज.

आता बारीक चाकूच का? लोक सांगतात खिशात जाणवत नाही, शर्टाच्या खिशात पेनशेजारी बसतो, पेरू कापायला काढला तर शेजारचा माणूस दचकत नाही. हे सगळं खरं आहे. पण जे जमवतात त्यांचं कारण वेगळं असतं असं माझं मत. जाड चाकूत चूक झाकायला जागा असते, बारीक चाकूत नसते. आम्ही आता स्वतः बनवतो तो चाकू मिटल्यावर ८ मिलिमीटर जाड आहे : पातं २, दोन बाजूंचे पितळी पत्रे ०.८ चे, आणि दोन्हीकडे मुठीचं लाकूड २.२ चं. करा बेरीज. पातं एका केसानं जरी कललं तरी पत्र्याला घासणार, आणि पात्यावर उभी रेघ आली की ज्याला कळतं तो बघतो आणि परत ठेवतो, बोलत पण नाही.

कोथरूड-बाणेरकडची आयटीतली मुलं यायला लागली तेव्हा मीच शिकले त्यांच्याकडून. केस नावाच्या अमेरिकन कंपनीच्या पात्यावर ठिपके असतात, १९७० ला दहा होते आणि दर वर्षी एक कमी करत गेले, म्हणजे ठिपके मोजले की त्या काळातल्या चाकूचं साल कळतं. नंबर पण वाचता येतो, ६१०४८ मधला ६ म्हणजे मुठीला नक्षीचं हाड, १ म्हणजे एक पातं, ०४८ म्हणजे तो लांबडा सडपातळ नमुना. फ्रान्सचं लायोल तर कमरेत बारीक, स्प्रिंगवर माशी कोरलेली, पण ते नाव कुणा एकाचं नाही त्यामुळे कुठेही बनवून कुणीही छापतो, नावावर जाऊ नका. ओपिनेल १८९० चं, लाकडी मूठ, पातं जागेवर अडकवणारी फिरती रिंग १९५५ ला आली. आणि माझं सगळ्यात लाडकं जपानचं हिगोनोकामी, दुमडलेला पत्रा हीच मूठ, स्प्रिंगच नाही, मागचा खटका अंगठ्यानं दाबून धरायचा. तिकडे शाळेतली पोरं त्यानं पेन्सिली तासायची. आपल्याकडे बोरू तासायचे तसंच की, इंग्रजी पेननाईफचं नाव पण पिसाचं पेन तासण्यावरूनच पडलंय.

२०१६ ला म्हटलं दुरुस्ती पुरे, स्वतःचा करू. वीस पात्यांची बॅच, बेअरिंगसाठी वापरतात ते ईएन३१ स्टील, त्यात साधारण एक टक्का कार्बन. मी हुशारी केली आणि पाणी द्यायच्या, म्हणजे तापवून बुडवून कडक करायच्या, आधीच पाती घासून पातळ करून ठेवली, म्हणजे नंतर काम कमी. भोसरीच्या भट्टीतनं तेलात बुडवून आली तेव्हा वीसपैकी तेरा केळ्यासारखी वाकलेली. भट्टीवाला म्हणाला, "मॅडम, पातं तुमचं, वाक पण तुमचा." बरोबरच होतं त्याचं. बाबा हसले नाहीत, त्याचं मला जास्त लागलं. तेव्हापासून पाती जाड ठेवून पाणी देतो आणि मग घासतो, दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवत, कारण टोक निळं पडलं की पाणी उतरलं समजायचं, ते पातं गेलं. एका पात्याला दुप्पट वेळ लागतो. म्हणून महिन्याला पंचवीसच्या वर होत नाहीत आणि भाव लोकांना जास्त वाटतो, तो आहेच जास्त.

मुठीला शिसवी लाकूड किंवा म्हशीचं शिंग. सांबर-चितळाचं शिंग मागणारे महिन्याला दोन तरी येतात, "गळून पडलेलं आहे हो, जनावर मारलेलं नाही" असं समजावतात, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते चालत नाही आणि आम्ही ते दुकानात ठेवतही नाही. दुसरे येतात ते "रामपुरी आहे का" विचारत, त्यांना बाबा नमस्कार करतात. कायद्याचं विचारणारेही असतात, त्यांना सांगते की शस्त्र नियमातली मर्यादा ९ इंच लांबी किंवा २ इंच रुंदीच्या वरच्या पात्याची आहे, आपलं पातं पावणेतीन इंच. विमानात मात्र हातातल्या बॅगेत नेऊ नका, एकाचा लोहगावला गेला आणि तो मलाच ओरडला.

मध्ये एक मोठी ऑर्डर आली होती, दोनशे नग, कंपनीचं दिवाळी गिफ्ट, पण त्यांना ओपनर आणि स्क्रू ड्रायव्हर पण हवा होता त्यात. नाही म्हटलं. त्या वर्षी जीएसटी भरताना ती ऑर्डर फार आठवली.

बाबा आता चौऱ्याहत्तरचे, धार लावत नाहीत, पण प्रत्येक चाकू जायच्या आधी त्यांच्या हातातनं जातो. डोळे मिटून उघडबंद करतात. परवा एक मागे सरकवला, म्हणाले, "हा बोलत नाही." मी सगळं खोललं, स्प्रिंग ठीक, बूड ठीक, शेवटी मधला रिव्हेट जरा जास्त ठोकलेला निघाला. सैल केला, परत तेल दिलं, त्यांच्यासमोर ठेवला. काल दिवसभर खिशात घालून फिरत होते, अजून काही बोललेले नाहीत.