गालिच्याखालचा उन्हाळा

गाडीत संगीताची व्यवस्था बसवणाऱ्या कारागिरांचे निम्मे कसब हल्ली लपवण्यात खर्ची पडते. डिकीच्या तळाखाली प्लायवुडचा खोका करून त्यात अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा, वरून गाडीच्याच रंगाचा गालिचा इतका बेमालूम चिकटवायचा की मालकालाही जागा शोधावी लागावी. ही टापटीप मला मनापासून आवडते. पण ज्या वस्तूच्या पाठीवर उष्णता बाहेर टाकण्यासाठीच अ‍ॅल्युमिनियमच्या फिन्स, म्हणजे पातळ उभ्या पट्ट्या, काढलेल्या असतात, तिला असे पांघरूण घातलेले पाहिले की जीव थोडा गुदमरतो.

हिशेब साधा आहे. आतल्या सर्किटच्या रचनेवरून अ‍ॅम्प्लिफायरचे एबी, डी असे वर्ग पडतात. एबी वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात असताना घेतलेल्या विजेपैकी साधारण ६० टक्के वीज स्पीकरला देतो. म्हणजे ३०० वॉटसाठी ५०० वॉट ओढले, तर उरलेले २०० वॉट त्या खोक्यातच तापत राहतात. डी वर्गाची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर तितक्याच आवाजामागे ७५ वॉटच वाया जातात, आणि म्हणूनच सीटखाली मावणारे चपटे अ‍ॅम्प्लिफायर बहुधा डी वर्गाचे असतात. एबी वर्गाची आणखी एक गंमत अशी की तो सर्वाधिक तापतो ते कमाल आवाजाला नव्हे, तर सुमारे ४० टक्के ताकदीच्या आसपास, त्यामुळे आवाज जरासा उतरवून त्याला विसावा मिळेलच असे नाही.

त्यात आपला वैशाख. नागपूर-चंद्रपूरकडे बाहेरच ४५ अंश असताना उन्हात उभ्या बंद गाडीतली हवा ६० अंशांच्या घरात जाते, आणि भोवतालची हवाच इतकी तापलेली असली की फिन्सनी उष्णता द्यायची तरी कोणाला? मग आतले संरक्षक सर्किट ऐन गाण्यात अ‍ॅम्प्लिफायर बंद करते, थोडा निवला की तो आपोआप सुरू होतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या वायरिंगवर येतो.

यावर अनेकजण खोक्यात एक पंखा बसवून निश्चिंत होतात, पण बंद खोक्यातला पंखा तीच तापलेली हवा घुसळत बसतो. धुराडे नसलेल्या चुलीला फुंकर घालावी तसा तो प्रकार आहे. एका टोकाने एसीची गार हवा आत घेणारा आणि दुसऱ्या टोकाने गरम हवा बाहेर टाकणारा, असे संगणकातले १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे पुरतात. ते अ‍ॅम्प्लिफायरबरोबर सुरू व्हावेत म्हणून रिमोट वायरला, म्हणजे स्टिरिओकडून अ‍ॅम्प्लिफायरला सुरू होण्याचा इशारा देणाऱ्या वायरला जोडायचे, मात्र मध्ये रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, घालून, कारण ती वायर फार थोडा प्रवाह पुरवू शकते. अ‍ॅम्प्लिफायर उलटा टांगणे मला मुळीच पटत नाही, कारण फिन्सवरून उठलेली उष्णता वर, थेट सर्किटकडेच जाते. हवा सोडणारी जाळीदेखील तळाऐवजी बाजूच्या भिंतीत असलेली बरी. तळावर कितीही देखणी जाळी बसवली, तरी दिवाळीत गावी निघताना पहिली बॅग नेमकी तिच्यावरच ठेवली जाते.