उशीच्या बदल्यात थडगं: तिसऱ्या कोझिमोच्या मागावर फ्लॉरेन्समध्ये

आम्ही सावंतवाडीचे. घरी पाहुणे आले की त्यांना गोवा दाखवायचा आणि गोव्यात आधी जुनं गोवं, हे ठरलेलं. त्यामुळे बॉम जेझुसच्या चर्चमध्ये मी किती वेळा गेले असेन, याची मोजदाद नाही. तिथे सगळे माना वर करून सेंट झेवियरची चांदीची पेटी बघतात. ती १६३०च्या दशकात गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. पेटी ज्यावर ठेवलीय त्या संगमरवरी चौथऱ्याकडे कोणी फारसं बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. एकदा नात्यातल्या एका लहान मुलाने विचारलं, "हा एवढा ओटा कोणी बांधला?" आणि गाइड म्हणाला, "इटलीच्या ड्यूकाने." एवढंच. कुठला ड्यूक, त्याला गोव्याचं काय पडलं होतं, हे माझ्या डोक्यात बरीच वर्षं तसंच पडून राहिलं.

तो ड्यूक म्हणजे तिसरा कोझिमो दे मेदिची, इटलीतल्या तोस्काना ऊर्फ टस्कनी राज्याचा ग्रँड ड्यूक. फ्लॉरेन्स ही त्याची राजधानी. गेल्या जुलैत मी आणि आई फ्लॉरेन्सला गेलो, ते बरंचसं त्याच्यासाठी. जुलैत फ्लॉरेन्सला जाऊ नये, हे आधीच सांगून टाकते. ऊन आपल्या मे महिन्यासारखं, आणि शहाळं कुठेच नाही.

पहिल्या दिवशी सान लोरेंझो. चर्चच्या मागच्या अंगाला मेदिचींचं अष्टकोनी दफनमंदिर आहे, 'राजपुत्रांचं चॅपेल'. १६०४ मध्ये काम सुरू झालं आणि घराणं बुडालं तरी ते पुरं झालं नव्हतं. आत पाऊल टाकलं की भिंतींवर गडद, जड दगडच दगड. हिरवा, तपकिरी, लालसर. रंगीत कठीण दगड कापून, घासून, एकमेकांत सांधा न दिसेल असे बसवायचे, ही फ्लॉरेन्सची खासियत. त्यासाठी १५८८ मध्ये दरबाराने स्वतःचा कारखानाच काढला होता. आई बराच वेळ छताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "केदो खर्च केल्यानी गो!"

भोवताली सहा ग्रँड ड्यूकांच्या सहा भव्य शवपेट्या आहेत. सगळ्या रिकाम्या, देह खाली तळघरात. प्रत्येक पेटीच्या वर पुतळ्यासाठी कोनाडा आहे, पण सोनेरी मुलाम्याचे ब्राँझचे पुतळे दोघांचेच उभे राहिले, पहिला फर्दिनांदो आणि दुसरा कोझिमो. आमच्या कोझिमोचा कोनाडा तसाच. सात समुद्रांपलीकडच्या एका संताला त्याने स्वखर्चाने थडगं, म्हणजे गोव्यातला तो चौथरा, पाठवलं, आणि स्वतःच्या पेटीवर साधा पुतळाही नाही. मला हसूही आलं आणि थोडं वाईटही वाटलं. वाईट वाटलं ते फार वेळ टिकलं नाही, कारण माणूस काही प्रेमात पडावा असा नव्हता.

जन्म १६४२चा. १६७० मध्ये गादीवर आला आणि १७२३ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे त्रेपन्न वर्षं, राज्य केलं. मेदिची ग्रँड ड्यूकांत एवढी लांब कारकीर्द दुसऱ्या कोणाची नाही. तो गादीवर आल्यावर चार वर्षांनी रायगडावर राज्याभिषेक झाला, म्हणजे काळ आपल्या ओळखीचाच. लग्न फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या चुलत बहिणीशी, मार्गरीत लुईजशी. तिला ना नवरा आवडला ना फ्लॉरेन्स. तीन मुलं झाल्यावर १६७५ मध्ये ती पॅरिसला निघून गेली ती कायमची. घरचं वातावरण सुधारेना म्हणून त्याने तरुणपणीच, १६६७ ते ६९ या काळात, युरोपभर फिरून घेतलं. आम्स्टरडॅममध्ये तर थेट चित्रकार रेम्ब्रांटच्या घरी जाऊन आला. तोच माणूस गादीवर बसल्यावर इतका सोवळा कसा झाला, कोण जाणे. पोरांनी मुलींच्या दारा-खिडक्यांपाशी घुटमळू नये म्हणून फर्मानं, ज्यूंवर निर्बंध, करांवर कर. ज्या घराण्याने गॅलिलिओला आसरा दिला, त्याच घराण्याच्या या वारसाने १६९१ मध्ये पिसाच्या विद्यापीठात अणुवाद, म्हणजे सगळं अणूंचं बनलंय हा विचार, शिकवायला बंदी घातली.

आणि संतांच्या अवशेषांचं वेड! १७०० साली तो रोमला गेला. येशूचा चेहरा ज्यावर उमटला असं मानतात, त्या वेरोनिकाच्या पवित्र वस्त्राला हात लावायचा अधिकार फक्त धर्माधिकाऱ्यांना. मग पोपने याला लॅटरन चर्चचा कॅनन, म्हणजे एक धर्माधिकारीच, करून टाकलं आणि अडचण मिटवली. एवढं कळलं की गोव्याची गोष्ट आपोआप उलगडते. गोव्याहून आलेल्या एका जेझुइट पाद्र्याने त्याला झेवियरच्या डोक्याखालची उशी भेट दिली. कोझिमो हरखून गेला. परतफेड म्हणून त्याने आपला दरबारी शिल्पकार फोज्जिनी याला थडगं करायला सांगितलं. काम सुमारे दहा वर्षं चाललं. चारी बाजूंना ब्राँझची चार शिल्पं, संताच्या आयुष्यातले चार प्रसंग. शेवटचा १५५२ मधला, चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावरच्या मृत्यूचा. सगळे सुटे भाग पेट्यांत भरून बोटीने लिस्बनमार्गे पाठवले, आणि जोडायला प्लासिदो रांपोनी नावाचा कारागीरही सोबत दिला. १६९८ मध्ये ते गोव्यात उभं राहिलं.

उशीच्या बदल्यात थडगं! आमच्या आजीच्या भाषेत सांगायचं तर दोडक्याच्या बदल्यात म्हैस. पण त्या संताचा वचक केवढा होता, हे आपल्याला वेगळ्या वाटेने माहीत आहे. १६८३च्या अखेरीस संभाजीराजांच्या फौजा जुन्या गोव्याच्या तोंडाशी आल्या, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट आल्वोरने झेवियरची पेटी उघडवून आपला राजदंड त्याच्या पायाशी ठेवला: आता तूच सांभाळ. पुढे शाह आलमची मोगल फौज कोकणात उतरली आणि राजांना मागे फिरावं लागलं. पोर्तुगीजांनी श्रेय अर्थातच संताला दिलं. मी हे सगळं सान लोरेंझोच्या पायऱ्यांवर बसून आईला सांगत होते, आणि ती आइसक्रीम खात "हूं" म्हणत होती.

उफिझी हे मेदिचींच्या कलावस्तूंचं संग्रहालय आम्ही धावतपळत पाहिलं, गर्दीपुढे इलाज नव्हता. रोमहून कोझिमोने आणवलेली व्हीनस देवीची मूर्ती, 'मेदिची व्हीनस', मात्र डोकावून पाहिली. इतक्या सोवळ्या माणसाने ही उघडी मूर्ती घरात कशी ठेवली असेल, असं आईने विचारलं. मी म्हटलं, संगमरवराला सोवळं-ओवळं नसतं.

खरी मजा शेवटच्या दिवशी आली. शहराबाहेर कास्तेल्लो गावात मेदिचींचा एक बंगला आणि बाग आहे. सिटी बसने गेलो, एक स्टॉप आधीच उतरलो आणि उन्हात चालत पोचलो. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची बाग, आणि मोठमोठ्या मातीच्या कुंड्यांतून लिंबू-संत्र्यांची झाडं. कोझिमोचा हा एक चांगला गुण: त्याला झाडांचं, फळांचं वेड होतं. बार्तोलोमेओ बिंबी या चित्रकाराकडून त्याने आपल्या बागांतल्या फळांच्या एकेका जातीची नावानिशी चित्रं काढून घेतली. १७१६ मध्ये कियान्ती वगैरे चार भागांच्या वाइनच्या सीमा आखून देणारं फर्मान काढलं, ते तर इटलीचे वाइनवाले आजही अभिमानाने सांगतात. कर वसूल करणारा, पोरांना धाक घालणारा तो म्हातारा इथे आला की माळी होत असावा.

या बागेच्या एका बाजूला एक छोटं काचघर आहे. त्याला म्हणतात 'स्तूफा देई मुगेरीनी', मुगेरीनोंची उबदार खोली. मुगेरीनो म्हणजे काय, ते मला वाचून ठाऊक होतं. आईला मुद्दाम सांगितलं नव्हतं. कुंडीजवळ आल्यावर तिने वाकून फूल पाहिलं. गुलाबासारखं गच्च पाकळ्यांचं, पांढरंशुभ्र, बोराएवढं.

"अगो, ह्यो तर आपलो बटमोगरो!"

होय, मोगराच. मोगऱ्याचं मुगेरीनो झालं. कोझिमोने सतराव्या शतकाच्या अखेरीस तो गोव्याहून मागवला आणि इतका जपला की कोणाला फांदीही देत नसे, असं सांगतात. आज जगभर या जातीला 'ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी' म्हणतात. आमच्या परसातल्या, पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या मोगऱ्याला इटालियन ड्यूकाचं नाव! आईला हे मुळीच रुचलं नाही. "त्येणा काय लायलो तो?"

मग मी तिला बाकीचं सांगितलं: दोन्ही मुलगे निपुत्रिक, लेक आन्ना मारिया लुईजालाही मूल नाही. १७३७ मध्ये धाकटा मुलगा गेला आणि घराणं संपलं. राज्य लॉरेनच्या घराण्याकडे गेलं, पण लेकीने करार करून घेतला की मेदिचींची एकही कलावस्तू फ्लॉरेन्सबाहेर जायची नाही. उफिझी आज जागेवर आहे, ते त्या बाईमुळे.

आई ऐकत होती, पण तिची नजर कुंडीवरच होती. खाली पडलेलं एक फूल तिने उचललं, इकडेतिकडे बघून केसात खोचलं आणि म्हणाली, "सा म्हयने बोटीर ह्येका पाणी कोणी घातला असतला गो?"