मागच्या वेळीपण काय?

रविवार, रात्रीचे साडेअकरा. पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

"म्हणजे मागच्या वेळीपण काय ओ, मास्तर?"

रविवारचा आमचा खेळ, डंजन्स अँड ड्रॅगन्स: बाकीचे एकेक पात्र होतात, गोष्ट आणि राक्षस मास्तरचे, म्हणजे माझे, आणि कुणाचं काय होतं ते फासे ठरवतात. त्यातली धाकटी एवढंच म्हणाली. रागानं नाही, भडंगाची ताटली पुढं सरकवत. आणि मी ऐकूच न आल्यासारखं केलं. चाळिशीचा घोडा, सोळा वर्षांच्या पोरीला उत्तर द्यायचं सोडून मेणबत्ती शोधत बसलो.

झालं काय, तर करंट गेला. लोंढेकरानं मोबाइलची बॅटरी लावली आणि उजेड नेमका माझ्या आडोशामागं पडला. आडोसा म्हणजे साडीच्या खोक्याची दोन झाकणं, चिकटपट्टीनं जोडलेली. त्यामागं माझी वही, राक्षसांचे जीव, म्हणजे कोण किती मार सोसेल ते आकडे, पेन्सिलीनं मांडलेले, आणि फासे. वीस बाजूंचा फासा वीसवर बसलेला. मी तर नुकताच "सात! सोटा भिंतीवर आपटला" म्हणून मोकळा झालो होतो.

दुसरं काय करणार होतो? तिच्या मांत्रिकाचे पूर्ण जीव १२, त्यातले उरलेले ६. समोरच्या ओगर राक्षसाच्या सोट्याला आठ बाजूंचे दोन फासे अधिक ४. वीस पडला की फासे दुप्पट, म्हणजे सरासरी २२. त्यातले सहा गेले तरी वर सोळाचा मार राहतो, आणि तो बारापेक्षा जास्त म्हणजे मांत्रिक जागच्या जागी खलास. फासे टाकून आधी तीन यश की तीन अपयश, हा मरणाच्या दारातला खेळसुद्धा मिळत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीपासून जपलेलं पोर एका फटक्यात संपलं असतं. वीस वेळा टाकला की सरासरी एकदा वीस पडतो, हे मलाही कळतं. पण आज? तिच्यावरच?

घरी येऊन पुस्तक काढलं. डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती, आपल्या बेळगावचं नाव सरकारी कागदावर बदललं त्याच वर्षाची, २०१४ ची. मास्तरांसाठीच्या त्या ग्रंथात चक्क मुभा दिलीय की आडोशामागं टाकलेलं दान कधीमधी फिरवलं तरी चालतं. फक्त वारंवार करू नका आणि कळू देऊ नका. पहिली अट मी पाळली, असं मला कालपर्यंत वाटत होतं.

कारण मागच्या वेळीपण. होय.

टोळीच्या म्होरक्याला १७ जीव शिल्लक होते. तिचा अग्निबाण लागला, दहा बाजूंच्या फाशावर ९. उरले ८. पण साडेआठ वाजलेले, वकीलसाहेब घड्याळाकडं बघालेले, आणि तिचा चेहरा असा की मी म्हटलं, "पडला." ती खुर्चीवर उभी राहिली. कन्नड मास्तरांनी टाळ्या वाजवल्या (मार ते नेहमी कन्नडमध्येच मोजतात, ओंदु, एरडु, मूरु, नियम इंग्रजीत, शिव्या मराठीत). पुढच्या रविवारी स्वतःच्या पैशातून कुंदा घेऊन आली. तो कुंदा मी खाल्ला. दोनदा घेतला.

आता तो म्होरक्या नक्की कुणी मारला?

हेच डोक्यातून जाईना. तिला जिवंत ठेवलं त्याचं काही नाही. तिचं जिंकणं मी परस्पर वाटून टाकलं, लग्नातल्या आहेरासारखं, हे डाचतंय.

आणि माझं कुणी बघतं काय? हे पाच जण एकेक कागद घेऊन येतात, मी पिशवी भरून आणतो. सराईवाला मी, त्याची बायको मी, चोर मी, त्याचा कुत्रासुद्धा मी. घसा बसतो. दोन वर्षांत एकानं विचारलं नाही की मास्तर, तुम्हाला कधी खेळायचं असतं काय. दादा मास्तर होता तेव्हा माझ्याकडं एक धनुर्धारी होता. फासे त्याचेच आहेत हे. असो.

मास्तर म्हणजे सर्वाधिकारी, हेही नावालाच. नकाशात दोन राज्यांमधली सीमा मी अजून तुटक रेषेतच ठेवलीय. पक्की काढायला घेतली की वकीलसाहेब म्हणतात, "ते प्रकरण २००४ पासून कोर्टात आहे, हात लावू नका," आणि कन्नड मास्तरांसकट सगळे हसतात. पाच गावं अशीच लोंबकळत ठेवलीत. मग एका फाशाचा निकाल मी लावायला गेलोच कशाला?

तिला फोन करून सांगावं म्हणतो. काय सांगू? आठ जीव उरले होते, असं?

सोमवार, दुपार. रात्रीचं तसंच ठेवतो.

सकाळी तिचाच मेसेज आला. "मास्तर, वीस पडला होता तर पडला होता. माझा मांत्रिक मेला असं धरायचं. मी नवीन पात्र लिहालोय." खाली रडका चेहरा एक आणि तलवारी तीन.

मी गप्प बसलो. त्या मांत्रिकाच्या हरवलेल्या भावावर मी चार पानं लिहून ठेवली होती, पुढच्या महिन्यात तो कपिलेश्वराच्या तळ्यासारख्या एका तळ्यापाशी भेटणार होता. आता त्या भावाला कोण शोधत येणार? म्होरक्याचं काही विचारलंच नाही तिनं. मीही काढलं नाही. काढेन. बहुतेक.

दुपारी दुसरा मेसेज. नव्या पात्राचे सहा आकडे, ताकद, बुद्धी वगैरे. सहा बाजूंचे चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान सोडायचा, तिन्हींची बेरीज. बारा-तेरा आले तरी माणूस खूश असतो.

१८, १७, १६, १६, १५, १४.

"घरी टाकले काय?" मी विचारलं.

"होय की. आई होती समोर."

तिच्या आईला फाशातलं ओ की ठो कळत नाही. मी बराच वेळ ते आकडे बघत बसलो. मग लिहिलं, "बरे पडलेत की." आणि वहीत उतरवून घेतले, पेननं.