आमची वाटचाल : ऑर्डर होती, एलसी नव्हती

आम्ही व्हॉल्व्हचे स्पिंडल, म्हणजे व्हॉल्व्ह उघडबंद करणारे दांडे, बनवून एक्स्पोर्ट करतो, आणि या धंद्यात आम्हाला दोनदा घाम फुटला तो आमच्या मालामुळे नाही, परक्या देशांतल्या कर्जांमुळे.

जुलै १९९७ मध्ये थायलंडने आपलं चलन बाथ डॉलरच्या ठरलेल्या भावातून मोकळं सोडलं तेव्हा आमचा पार्टनर लगेच म्हणाला, कोरियाच्या बायरकडे लक्ष ठेव. लोक हसले, थायलंडचा कोरियाशी काय संबंध! अहो संबंध बँकांचा. कोरियन बँकांनी शॉर्ट टर्म डॉलर उचललेले, आणि थायलंडमध्ये हात पोळलेल्या परदेशी बँका ते रोलओव्हर करेनात, म्हणजे मुदत वाढवून देईनात. नोव्हेंबरात कोरिया आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या) दारात, डिसेंबरात डॉलर ९०० वॉनच्या आसपासचा जवळपास २,००० ला गेला. आमचं बिल डॉलरमध्ये, म्हणजे त्या बायरला दुप्पट पडलं, तरी पठ्ठ्याने हप्त्याहप्त्याने सगळं चुकतं केलं. असा गिऱ्हाईक नशिबानेच मिळतो.

मधली वर्षं बरी गेली.

मग १५ सप्टेंबर २००८, अमेरिकेची लेहमन बँक बुडाली. इकडे माल पॅक होऊन पडलेला, एकेक स्पिंडल मायक्रोमीटरवर तपासलेला, बायरलाही तो हवाच होता, पण एलसी (बायरच्या बँकेने पैशांची दिलेली लेखी हमी) कन्फर्म करायला, म्हणजे त्यावर आपलीही हमी द्यायला, बँक तयार नाही कारण बँकाच एकमेकींना डॉलर देईनात. मे महिन्यात ११,७९३ वर असलेला बाल्टिक ड्राय इंडेक्स, म्हणजे मालवाहू जहाजांच्या भाड्याचा निर्देशांक, डिसेंबरात ६६३ वर आला, यावरून काय ते समजा. आमचा एक हप्ता कधी चुकला नव्हता तरी बँकेने लिमिट (कर्जाची मर्यादा) कापली, ते मी अजून विसरलो नाही. त्यात एका स्पर्धकाने आमच्या बायर्सना फोन करून सांगितलं की यांचं दुकान बंद होतंय, आता माल आमच्याकडून घ्या. कोरियावाल्याने तो फोन झाल्याझाल्या मलाच कळवलं.

२९ ऑक्टोबरला अमेरिकेच्या फेडने (तिथल्या मध्यवर्ती बँकेने) कोरियाला ३० अब्ज डॉलरची स्वॅप लाइन, म्हणजे वॉनच्या बदल्यात डॉलर देण्याची सोय, जाहीर केली, तिकडच्या बँकांना जरा श्वास घेता आला आणि पुढे त्याच बायरची एलसी आली. त्यावर फर्म तगली.

नवीन एक्स्पोर्टरना सांगतो, बायरचा बॅलन्सशीट बघताच, पण त्याची बँक डॉलर कुठून आणि किती मुदतीने उचलते तेही विचारा, आणि सगळी लिमिट एकाच बँकेत ठेवू नका. आमच्या आता दोन बँका आहेत, ती जुनी त्यात नाही.